तरवडाचं बी: माल अस्सल, पाकिटावरची कृती चुकीची

नवरात्रात घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ घालायची पद्धत असलेल्या घरांची इंदूरमध्ये पंचाईत होते. झेंडू ढिगाने मिळतो, तरवड मात्र बाजारात दिसत नाही. आता शहरातल्या एका बियाणे दुकानात तरवडाचं पाकीट मिळतं, ६० रुपयांत चाळीसेक बिया. मागताना ‘तरवड’च म्हणा, हिंदीतलं ‘आवल’ म्हटलं की समोर आवळ्याचं रोप येतं.

बी खरं आहे. चपटं, तपकिरी, टणक. चार-पाच बियांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती, म्हणजे भुंगा लागलेला. पाण्यात टाकल्यावर पोकळ बिया बहुधा तरंगतात, त्या काढून टाकाव्यात. एवढी घट चालण्यासारखी आहे.

पाकिटावरचा मजकूर मात्र कोणी लिहिला कोण जाणे. चित्रात कर्ण्यासारखी फुलं आहेत, ती टेकोमाची. टेकोमा हे अमेरिकेतून आलेलं वेगळंच झुडूप. तरवडाच्या फुलाला पाच सुट्या पाकळ्या असतात. चित्र एक वेळ सोडून देता येईल, कृती नाही.

‘रात्रभर साध्या पाण्यात भिजवा’ असं छापलंय. तसं केलं तर सकाळी बहुतेक बिया होत्या तशाच दिसतील, कारण वरच्या कवचातून पाणी आत शिरतच नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि ते बियांवर ओता. बियांच्या पाचपट तरी पाणी हवं. उकळत्या पाण्यात बी शिजवायचं नाही, घोटाळा तिथेच होतो. पाणी निवेल तसं निवू द्या, बारा तास ठेवा. फुगलेलं बी ओळखायला सोपं: आकार वाढतो, चकाकी जाते, नख लावलं तर दबतं. जे फुगलं नाही त्याची कड नेलकटरने किंचित उडवा. मात्र ज्या टोकाला बी शेंगेत चिकटलेलं असतं तिथे अंकुर असतो, त्याच्या विरुद्ध बाजूने कापा. मग पुन्हा कोमट पाण्यात.

दुसरी चूक ट्रेची, पाकीट बी ट्रेमध्ये पेरायला सांगतं. तरवडाचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धाव घेतं. उथळ ट्रेमध्ये ते वळतं, आणि उपटून लावलेलं रोप खुरटतं नाहीतर मरतं. सहा बाय आठ इंची पिशवीत निम्मी माती, निम्मी जाड वाळू भरा, दोन-दोन बिया एक सेंटिमीटर खोल टाका. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. रोपाचं देठ मातीलगत काळं पडून मान टाकली तर पाणी जास्त झालं असं समजा. वीतभर होण्याच्या आत जागेवर लावा, पिशवी कापून, मातीचा गोळा न फोडता.

जागा निवडताना माळव्याची काळी माती आडवी येते. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि मुळं कुजतात. मुरूम मिसळून फूटभर उंच वाफा करा, दोन झाडांत चार फूट ठेवा, ऊन दिवसभराचं हवं.

पाकिटात ‘दर आठवड्याला खत’ असंही आहे. ज्या गावात १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिथे खत नको म्हणणं जिवावर येतं, पण तरवडाला ते नकोच. खतावर पानं माजतात, फांद्या लोळतात, फूल कमी. लावताना मूठभर कंपोस्ट पुरे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी, नंतर पावसावर सोडा.

जूनमध्ये पेरलेल्या रोपावर त्याच वर्षी माळेची आशा धरू नका. पुढे दर फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटणी करा. पावसाळ्यात कात्री लावली तर कळ्याच जातात. हिरव्या अळ्या पानं खाताना दिसतील, त्या बहुधा पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या. फवारणी नको, पानं परत येतात. फुलावर काळा भुंगा बसून गुणगुणतो तेही जवळून बघण्यासारखं आहे: परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं, आणि पराग त्या थरथरीनेच बाहेर पडतो.

त्याच दुकानात ‘तरवड’ म्हणून तयार रोपंही आहेत, १२० रुपयांना. त्यांत दुसऱ्याच पिवळ्या फुलांची झुडपं मिसळलेली आहेत. पैसे देण्याआधी पानाचा देठ फांदीला जुळतो तिथे बघा. कानाच्या पाळीसारखी दोन गोल, रुंद उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी वाढ) असतील आणि पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, प्रत्येक जोडीमध्ये बारीक ग्रंथी असेल तरच घ्या. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर आलं असेल तर अस्सल असूनही सोडा.

बियाण्याला पाचपैकी चार, रोपांना दोन. पाकिटावर पॅकिंगची तारीख नाही, ती दुकानदाराला विचारून घ्यावी लागते.