रिझर्व्ह बँकेची रिटर्न्स : विकतचं सॉफ्टवेअर की घरची शीट?

सिन्नरच्या एका छोट्या नागरी सहकारी बँकेतल्या मित्राचा गेल्या आठवड्यात फोन आला. त्यांच्या संचालक मंडळाने रिपोर्टिंग सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवलंय. "तू दोन्ही वापरलंयस, काय करू सांग." मी नाशिकच्या एका टियर २ (हे गट ठेवींच्या आकारावरून ठरतात) नागरी बँकेच्या मुख्य कार्यालयात रिटर्न्सचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेला ठरावीक मुदतीने पाठवायच्या विवरणपत्रांचं टेबल सांभाळतो. काही काळ सॉफ्टवेअरवर काढला, आता एक्सेल शीटवर आहे. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितोय. दोन्ही बाजू मांडायचा प्रयत्न करतो, पण माझा कल लपेल असं वाटत नाही.

हा प्रश्न मुळात आलाय तो रिझर्व्ह बँकेने स्वतःचं घर बदलायला घेतल्यामुळे. ३० जून २०२३ ला तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सीआयएमएस, म्हणजे बँकांचा डेटा गोळा करायची नवी केंद्रीय प्रणाली सुरू केली. आधी व्यापारी बँका आणि मग टप्प्याटप्प्याने आपण नागरी बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्तसंस्था), असा क्रम ठरला. रिटर्न भरायच्या जुन्या एक्सबीआरएल पोर्टलवर हात बसलेल्यांना स्क्रीन नवी वाटली, तरी महिनाअखेरची धावपळ तीच. खरा बदल विचारात आहे. पूर्वी रिटर्न मागायचे, आता सुटी सुटी डेटाची कलमं हवी आहेत, म्हणजे एकच आकडा पाच तक्त्यांत पाच वेळा भरायला नको. विक्रेते नेमकं हेच पुढे करतात. "साहेब, उद्या रिझर्व्ह बँक डेटा थेट तुमच्या सीबीएसमधून घेणार, आजच तयारी करा." सीबीएस म्हणजे बँकेची सगळी खाती ज्यावर चालतात ते मुख्य सॉफ्टवेअर. दिशा ते खोटी सांगत नाहीत. माणसाचा हात न लागता आकडा जायला हवा, हे रिझर्व्ह बँकेच्या व्यापारी बँकांसाठीच्या २०१० च्या अप्रोच पेपरातच होतं. पण टियर १, टियर २ बँकेने 'उद्या'साठी आज किती पैसे मोजायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सॉफ्टवेअरचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. दिवसाखेर झाली की आकडे आपोआप येऊन बसतात. माणूस रजेवर गेला तरी रिटर्न थांबत नाही. आणि लाख-रुपयांचा घोळ होत नाही. हा घोळ शीटवाल्या प्रत्येकाने एकदा तरी घातलेला असतो. मी एकदा टेम्प्लेटमध्ये परिमाण 'लाख' ठेवून आकडे पूर्ण रुपयांत चिकटवले. आमच्या ठेवी एका क्षणात देशातल्या सगळ्या बँकांच्या पुढे गेल्या. बेरजा आपापसात बरोबर होत्या, त्यामुळे पडताळणी बिनतक्रार पास. पाठवण्याआधी सहज नजर गेली म्हणून वाचलो. शिवाय कॉपी-पेस्ट करताना टेम्प्लेटचे ड्रॉपडाउन उडतात, मॅक्रो एका संगणकावर चालतो आणि शेजारच्यावर चालत नाही. हे सगळं सॉफ्टवेअरने मिटतं. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा खर्च, जरा जड जाते, पण सीए मंडळींच्या फीच्या मानाने ती मंडळात मंजूर होते. पैशामुळे मी मागे फिरलो नाही.

मागे फिरलो 'इतर'मुळे.

६ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी बुलेट परतफेडीच्या (मुद्दल-व्याज शेवटी एकरकमी फेडायच्या) सोनेतारण कर्जाची मर्यादा २ लाखांवरून ४ लाख केली. अट एकच, ३१ मार्च २०२३ ची अग्रक्रम क्षेत्राची (शेती, छोटे उद्योग अशा क्षेत्रांना द्यायच्या कर्जांची) उद्दिष्टं पूर्ण झालेली हवीत. आमची झाली होती. सराफ बाजार, रविवार कारंजा भागात सोनेतारण हाच आमचा हक्काचा धंदा, त्यामुळे वरच्या मर्यादेसाठी मुख्य कार्यालयाने आठवड्याभरात नवीन जीएल हेड, म्हणजे बँकेच्या मुख्य खतावणीतलं स्वतंत्र शीर्ष उघडलं. शाखांत नवीन पावत्या फाटू लागल्या.

रिपोर्टिंग सॉफ्टवेअरला या नव्या हेडचा पत्ताच नव्हता. मॅपिंगच्या यादीत (कोणतं हेड रिटर्नच्या कोणत्या ओळीत जातं त्या यादीत) नसलेलं कर्जाचं हेड दिसलं की ते गपचूप 'इतर कर्जे'मध्ये ढकलायचं, असा त्याचा नियम होता. एकूण कर्जाची बेरीज पैशापर्यंत जुळत होती, म्हणून सगळीकडे हिरव्या खुणा. डिसेंबर तिमाही अशीच गेली, मार्चही गेली. आमच्या रिटर्नमध्ये सोनेतारण घटत होतं, आणि खाली शाखेत मूल्यांकनाला येणारे सोनार काटा खाली ठेवत नव्हते.

मला हे कळलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कळलं ते मे २०२४ मध्ये, अक्षय्य तृतीयेच्या पुढच्या मंडळ सभेत. आमचे एक संचालक स्वतः सराफीतले. टिपणीवरचं बोट न उचलता ते म्हणाले, "सोनेतारण कमी झालं? कुणाचं? माझ्या दुकानातून रोज दोन-तीन जण तुमच्याच शाखेकडे जातात." मी शाखेत फोन लावला. तिजोरीतल्या पाकिटांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा जास्त. त्या रात्री मी आणि आमचा ज्युनिअर साडेअकरापर्यंत जीएल चाळत बसलो, तेव्हा ते हेड 'इतर'मध्ये निवांत पडलेलं सापडलं.

दोन तिमाह्यांची सुधारित रिटर्न्स भरली, खुलाशाचं पत्र लिहिलं. दंड वगैरे काही झाला नाही. पण नागरी बँकांना बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४७अ खाली झालेल्या दंडाची प्रसिद्धीपत्रकं आपण सगळेच वाचतो, त्यामुळे ते पत्र लिहिताना हात जड झाला होता. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर नम्र होतं : नवीन हेडचं मॅपिंग बँकेकडून यायला हवं होतं, आता सीआर (बदलाची विनंती) टाका, पुढच्या पॅचमध्ये घेऊ. करारनाम्यात तसं लिहिलंही होतं. भांडायला जागाच नव्हती, आणि मला त्याचाच जास्त राग आला. चूक झाली तेव्हा लाल दिवा लागला असता तर माझी काही तक्रार नव्हती.

आता शीटबद्दल. शीट म्हणजे टेम्प्लेट हाताने भरणं नव्हे, तो प्रकार मीही कुणाला सुचवणार नाही. सीबीएसमधून सगळ्या शाखांचा एकत्र ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या हेड्सच्या शिलकांची यादी काढायची. एका पानावर सगळी जीएल हेड्स आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या रिटर्नच्या कोणत्या ओळीत जातं ते. एक व्हीलुकअप (यादीतून जुळणारी ओळ शोधणारं एक्सेलचं सूत्र), बस. खाली एक खाना आहे, त्याचं नाव आम्ही 'फरक' ठेवलंय. ट्रायल बॅलन्सची बेरीज वजा मॅप झालेल्यांची बेरीज. नवीन हेड आलं की ते कुठेच बसत नाही, फरक शून्य होत नाही, आणि तो खाना लाल झाला की पुढचं पान उघडतच नाही. 'इतर'मध्ये काही टाकायचं असेल तर शेजारच्या रकान्यात कोणी आणि कधी टाकलं ते लिहावं लागतं. गेल्या तपासणीत अधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हा आकडा कुठून आला?" मी ओळ दाखवली, त्यांनी मान हलवली. सॉफ्टवेअरच्या काळात याच प्रश्नावर मी "सिस्टीममधून" म्हणायचो.

बदलही हातातले राहतात. २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीने पंधरवड्याची व्याख्याच बदलली : शुक्रवारी संपणारे पंधरवडे गेले, १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर आले. शीटमध्ये ते तारखेच्या रकान्याचं काम, चहा निवायच्या आत होतं.

तोटे आहेत, लपवत नाही. शीट माणसावर चालते. मी ज्युनिअरला सगळं शिकवलंय, पण तो उद्या दुसऱ्या बँकेत गेला तर पुन्हा शून्यापासून. लाखाचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून एक जादा तपासणी ओळ टाकावी लागली. आणि खातेनिहाय, कर्जदारनिहाय डेटा द्यायचा म्हटला तर शीट धापा टाकते. ठेवी १००० कोटींच्या पुढे गेल्या, म्हणजे टियर ३ आलं, की माझ्या मते हा वाद संपला, सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल. रिझर्व्ह बँक ज्या दिशेने चालली आहे ती पाहता आमच्यावरही ती वेळ येईल. तेव्हाही मी 'फरक'चं पान बाजूला चालू ठेवीन.

मित्राला मी एवढंच सांगितलं की डेमोला बसशील तेव्हा रंगीत डॅशबोर्ड पाहू नकोस. टेस्टमध्ये एक खोटं जीएल हेड उघडायला लाव, त्यात १०,००० रुपये टाक आणि रिटर्न काढून दाखव म्हण. मग ते दहा हजार कुठे गेले ते विचार.

परवा त्याचा मेसेज आला. डेमो झाला. हेड उघडलं, रिटर्न निघालं, सगळं हिरवं. दहा हजार कुठे आहेत विचारलं तर समोरचा मुलगा म्हणाला, "सर, टोटल जुळतेय ना!" मित्राने आता माझ्या शीटची कोरी प्रत मागितली आहे.