फायबरचे नऊ महिने, त्यातले पाच चारच तारांवर

आमचं घर इंदूरच्या रामबागेत, जुन्या बांधणीचं, भिंती हातभर जाड. जानेवारीत १०० एमबीपीएसचं फायबर इंटरनेट घेतलं. जोडायला आलेल्या मुलाने मोडेम दाराजवळच ठोकला, कारण वायर तिथवर सहज पोचत होती. कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मी "बरं" म्हणून चहा टाकायला गेले, चूक तिथेच झाली.

कॉम्प्युटरमध्ये वायफाय नव्हतं, म्हणून जेल रोडवरून छोटा यूएसबी डोंगल आणला. तो फक्त २.४ गीगाहर्ट्झवाला, म्हणजे वायफायच्या जुन्या, हळू पट्ट्यावरचा निघाला. स्पीड कधी १८, कधी ९. त्यात ह्यांनी दूध तापवायला मायक्रोवेव्ह लावला की पुण्याच्या नातीच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. मायक्रोवेव्हही त्याच लहरींवर चालतो म्हणे. मी मात्र दोन महिने कंपनीवर डाफरत होते.

मार्चमध्ये मोडेमपासून थेट कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर ओढून घेतली, २२ मीटर. (१०० मीटरपर्यंत चालते.) लगेच ९५! जूनमध्ये हौसेने २००चा प्लॅन घेतला, तरी कॉम्प्युटरवर ९५च. मोबाइलवर मोडेमजवळ १९०. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सेटिंगमध्ये लिंक स्पीड किती दिसतोय?" म्हणजे कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातल्या वायरचा वेग. १००. कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड तर हजार एमबीपीएसचं आहे, म्हणून त्याने वायरच्या टोकाचा फोटो मागवला. पारदर्शक प्लगमधून साफ दिसत होतं: आत आठ तारा, खोवलेल्या चारच. १००ला चार पुरतात, पुढे जायचं तर आठही हव्यात. वायरवाल्याला ऑगस्टमध्ये गाठलं, तर म्हणतो, "आंटीजी, चार में भी चल तो रहा था!" दोन्ही टोकं नव्याने बसवली, दहा मिनिटांत १९०. तेव्हा टोकं बसवताना समोर उभ्या राहा आणि तारा मोजा.

आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, १०० एमबी (मेगाबाइट) नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा, साडेबारा एमबी.

पावसाळ्यात लाइट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर सुरू आणि नेट गुल, कारण मोडेमची पिन साध्या बोर्डात. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावल्यावर ते मिटलं.

गणपतीत मोडेमवर लाल दिवा. कंपनीला फोन लावणार, तेवढ्यात ह्यांनी मखरामागे डोकावून बघितलं. फायबरची वायर काटकोनात दुमडलेली. काचेचीच तार ती, फार वाकली की उजेड वाटेतच सांडतो. मखर चार बोटं पुढे सरकवलं, दिवा हिरवा.