लघवीतून क्लॅमिडिया-परम्याची तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) हे संबंधातून पसरणारे जंतुसंसर्ग; लघवीतून होणारी त्यांची तपासणी उत्तम आहे. सुई नाही, मूत्रमार्गात काडी घालणं नाही. संताप येतो तो डबी देताना मिळणाऱ्या सूचनेचा. बेळगावच्या एका कलेक्शन सेंटरवर अजून ‘पहिली धार सोडा, मधली धरा’ असंच सांगतात. अहो, ते कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी! इथे पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी होते; तिला पहिलीच धार हवी. जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या पेशींत असतात, पहिली धार त्यांना धुऊन आणते. मधल्या धारेत ते विरळ होतात. रोग असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. साध्या लघवी तपासणीच्या कितीतरी पट पैसे मोजून हे मिळणार असेल तर काय उपयोग?

आधी किमान एक तास लघवीला जायचं नाही. ती जागा आधी धुवायची-पुसायची नाही. अगदी सुरुवातीपासून धरायचं आणि 20 ते 30 मिली झाली की डबी बाजूला. डबीवर खूण नसते, म्हणून लोक काठोकाठ भरतात आणि सॅम्पल पातळ होतं. सेंटरने 30 मिलीवर पेनने एक रेघ मारून द्यावी, एवढंच मागणं आहे.

निपाणी, चिकोडी, खानापूरसारख्या तालुक्याच्या गावांहून देताना ‘सॅम्पल लॅबला नेणारी गाडी आज निघणार का?’ हे आधी विचारा. साध्या डबीतली लघवी 24 तासांच्या आत ट्रान्सपोर्ट ट्यूबमध्ये, म्हणजे सॅम्पल टिकवणारं द्रव असलेल्या नळीत, जायला हवी. नेहमीच्या ट्यूबला 2 मिली लागते, पातळी दोन काळ्या रेघांच्या मधे. कमी-जास्त झाली की लॅब सॅम्पल परत करते. शनिवारी दुपारी दिलेली डबी रविवारभर पडून राहते, त्यातून उन्हाळा.

बायकांच्या बाबतीत मात्र मत बदललंय. लघवीत त्यांचे 10 टक्क्यांपर्यंत संसर्ग निसटू शकतात. योनीतला स्वॅब (काडीने घेतलेला नमुना) सरस, स्वतः घेतलेलाही चालतो. तो मिळत नसेल तरच लघवी.

घसा आणि गुदद्वारातला संसर्ग लघवीच्या तपासणीत सापडत नाही. गरमी (सिफिलिस) आणि एचआयव्हीला रक्तच द्यावं लागतं. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून औषधं फुकट मिळतात, पण क्लॅमिडियाला बहुतेक वेळा लक्षणंच नसतात, म्हणून ही तपासणी हवी. चौकशीला 1097 ही सरकारी एड्स हेल्पलाइन आहे.

संबंधानंतर दोन आठवडे थांबून द्या, लक्षणं असतील तर लगेच. औषधानंतर चार आठवड्यांच्या आत पुन्हा करू नका, मेलेल्या जंतूंचा अंश पॉझिटिव्ह दाखवतो. जोडीदाराने औषध घेतलं नसेल तर रोग परत येतो, म्हणून तीन महिन्यांनी दोघांचीही करून घ्या.