अग्निशमनाची नोकरी : महापालिका की कारखाना?

सांगलीतून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांपुढे महापालिकेचे अग्निशमन दल आणि मोठ्या कारखान्याचे अग्निसुरक्षा पथक असे दोन मार्ग असतात. कारखान्यात नोकरी तुलनेने लवकर मिळते. मात्र बहुतेक वेळ हायड्रंटचा (आग विझवण्यासाठीच्या पाण्याच्या नळाचा) दाब आणि आग विझवण्याच्या सिलिंडरची मुदत तपासण्यातच जातो. महापालिकेच्या भरतीची जाहिरात लवकर निघत नाही, हे खरे. परंतु तिथला जवान आगीशी झुंजतोच, शिवाय विहिरीत पडलेले जनावर वर काढतो आणि २०१९ सारख्या महापुरात कृष्णाकाठच्या गल्ल्यांतून वृद्धांना बोटीने बाहेर आणतो. माझा कल स्पष्टपणे महापालिकेकडे आहे. मुंबईत सांताक्रूझ येथील राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, मग कारखान्यात हात बसवावा आणि जाहिरात निघेपर्यंत धावणे, पोहणे व दोरीवर चढणे सोडू नये.