एअर हेल्पर स्प्रिंग: ट्रकची शेपटी उचलली, वजन मात्र तेवढेच

माझ्याकडे 2018 सालचा फोर्ड एफ-150 पिकअप ट्रक आहे. एरवी तो मिशिगनमध्ये ऑफिसला जाण्या-येण्यापुरता चालतो. पण उन्हाळ्यात त्याच्यामागे कॅम्पिंगचा ट्रेलर लागतो, आणि ओळखीच्या मराठी घरांत ट्रक असलेला मी एकटाच असल्यामुळे भाद्रपदात गणपतीचे लोखंडी पाइप, प्लायवूडचे तक्ते, स्पीकर आणि मोठी पातेली वाहून नेण्याचे काम न विचारताच माझ्याकडे येते. दोन्ही प्रसंगी ट्रकचा मागचा भाग खाली बसायचा, पुढचे दिवे वर आभाळाकडे पाहू लागायचे आणि समोरून येणारे लोक वैतागून दिवे मिचकावायचे. यावर उपाय म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एअर लिफ्ट कंपनीचा लोडलिफ्टर 5000 अल्टिमेट हा एअर हेल्पर स्प्रिंगचा, म्हणजे हवेच्या पूरक स्प्रिंगचा, संच साडेचारशे डॉलरच्या आसपास खर्च करून घेतला आणि स्वतःच बसवला.

नाशिककडे माझे मामा कांद्यासाठी पिकअप चालवत, तेव्हा गाडी फार बसू लागली की ते गॅरेजमध्ये जाऊन एक पाटा वाढवून घेत. हा उपाय पक्का असतो. मात्र वाढवलेला पाटा रिकाम्या गाडीतही तिथेच असतो, आणि बाजारातून परतताना खड्ड्याखड्ड्याला त्याची आठवण होते. एअर हेल्पर स्प्रिंग नेमकी इथेच वेगळी ठरते. मूळ पाटे जागेवरच राहतात. चेसिस आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये, साधारणपणे जिथे कंपनीचा रबरी बफर असतो तिथे, प्रत्येक बाजूला जाड रबराची एक फुगी बसते आणि ओझ्याप्रमाणे तिच्यात हवा कमी-जास्त करता येते. या संचाच्या हवेच्या दाबाची कमाल मर्यादा 100 पीएसआय (दर चौरस इंचाला 100 पौंड) आहे. ‘अल्टिमेट’ प्रकारात फुगीच्या आतच एक बफर असल्यामुळे हवा पूर्ण गेली तरी गाडी त्यावर टेकते आणि फुगी चिरडत नाही. साध्या प्रकारात किमान 5 पीएसआय हवा कायम ठेवावी लागते, आणि माझ्यासारख्या विसरभोळ्या माणसाने ती जोखीम न घेतलेली बरी.

बसवायला मला एक शनिवार लागला. काम अवघड नाही, पण ट्रकखाली उताणे पडून करायचे असल्यामुळे कंटाळवाणे आहे. हवेची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून आणि ब्रेकच्या नळ्यांपासून दूर नेणे आवश्यक आहे. पाइपच्या बाजूच्या फुगीसाठी उष्णतारोधक पत्राही संचात मिळतो. माझी चूक झाली ती नळी कापताना. ती धारदार पात्याने काटकोनात कापावी असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असताना मी हाताशी असलेल्या पकडीने कापली, टोक किंचित चेपले, आणि दोन दिवसांत डाव्या बाजूची हवा 60 वरून 45 वर आली. साबणाचे पाणी लावल्यावर जोडाजवळ बुडबुडे दिसले; टोक पुन्हा नीट कापून बसवले आणि गळती थांबली. दोन्ही फुग्यांना मी वेगवेगळे वॉल्व्ह ठेवले आहेत. एकाच वॉल्व्हने दोन्ही जोडल्या तर सोय होते, पण वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अधिक कलते. शिवाय गणपतीचे सामान भरताना सगळे जड स्पीकर एकाच बाजूला ठेवण्याची आमच्या कार्यकर्त्यांना खोड आहे, तेव्हा त्या बाजूला चार पीएसआय हवा जास्त भरता येते, हा स्वतंत्र वॉल्व्हचा आणखी एक फायदा.

ट्रकच्या हौद्यात भरलेल्या ओझ्यासाठी हा संच मला पूर्णपणे समाधानकारक वाटला. मागच्या वर्षी अंगणासाठी सुमारे 1,100 पौंड, म्हणजे जवळजवळ 500 किलो फरशा आणल्या. पूर्वी एवढ्या वजनाने ट्रक तीन इंच बसला असता. फुग्यांत 50 पीएसआय हवा भरल्यावर तो जेमतेम पाऊण इंच बसला, रेल्वे फाटकावर बफर आदळला नाही आणि वळणावरचे झुकणेही स्पष्टपणे कमी झाले. हौद्यातले ओझे बहुतेक मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे असते, त्यामुळे तिथे आधार दिला की काम भागते. सामान उतरवल्यावर मात्र हवा 10 पीएसआयपर्यंत खाली आणावी लागते. तसे न केल्यास रिकामा ट्रक बैलगाडीसारखा उडतो आणि मागे बसलेली मुले तक्रार करतात, ती रास्त असते.

ट्रेलरची गोष्ट वेगळी आहे, आणि या परीक्षणाचा खरा विषय तोच आहे. माझा भरलेला ट्रेलर साधारण 5,600 पौंडांचा आहे आणि त्याच्या दांड्याचा सुमारे 700 पौंडांचा भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या ट्रेलर जोडण्याच्या कडीवर, येतो. हे वजन मागच्या एक्सलच्या बरेच मागे पडते, त्यामुळे मागचा एक्सल तराजूच्या टेकूसारखा वागतो आणि पुढची चाके हलकी होतात. पहिल्या सहलीला मी फुग्यांत हवा भरली, मागचा भाग हवा तेवढा वर आला, ट्रक दुरून अगदी सरळ दिसू लागला आणि मी स्वतःवर खूश झालो. पण महामार्गावर स्टिअरिंग हाताला पोकळ लागत होते. मोठा मालट्रक शेजारून गेला की पुढचा भाग नुसता तरंगल्यासारखा वाटे. तेव्हा परतताना हायवेवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे मालट्रक तोलण्याच्या काट्यावर, ट्रक तोलून पाहायचे ठरवले. तिथे पहिल्या तोलाला पैसे पडतात, पण चोवीस तासांच्या आत पुन्हा तोलायला फारच कमी, त्यामुळे एका दुपारी तीन-चार तऱ्हेने मोजणे परवडते.

कुटुंब आणि सामान घेऊन, ट्रेलर न जोडता, पुढच्या एक्सलवर 3,250 पौंड आणि मागच्यावर 2,800 पौंड भरले. ट्रेलर जोडल्यावर, फुग्या रिकाम्या असताना, पुढे 2,970 आणि मागे 3,780 झाले. नंतर फुग्यांत 40 पीएसआय हवा भरली. ट्रकचा मागचा भाग सव्वादोन इंच वर आला, पण काट्यावरचे आकडे हलले नाहीत. पुढे तेच 2,970, मागे तेच 3,780. गाडी दिसायला सरळ झाली होती, पण पुढच्या चाकांवरून उडालेले 280 पौंड परत आले नव्हते. त्याहून गंभीर बाब म्हणजे माझ्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीनुसार मागच्या एक्सलची मर्यादा 3,800 पौंड आहे. म्हणजे मी त्या मर्यादेपासून केवळ 20 पौंड दूर होतो, आणि कॅम्पवर जळणाच्या लाकडाच्या दोन मोळ्या घेतल्या असत्या तर ती ओलांडली असती. खोक्यावरचा ‘5000’ हा आकडा पौंडांचा आहे. तेवढा भार समतल करण्याची क्षमता तो सांगतो. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि दारावरची पट्टी हा संच बसवल्याने बदलत नाही.

पुढचे वजन परत आणायला वजन-विभाजक हिच लागते, जिचे दोन लवचिक दांडे ताणून काही भार पुढच्या एक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. ती बसवल्यावर पुढे 3,150 आणि मागे 3,470 असे आकडे आले, उरलेला भार ट्रेलरने उचलला. स्टिअरिंगमध्ये पडलेला फरक मी पहिल्याच मैलात ओळखला. आता मी दांडे आधी, फुग्या जवळजवळ रिकाम्या ठेवून ताणतो आणि मग फक्त 10 ते 15 पीएसआय हवा भरतो. क्रम उलटा केला, किंवा नंतर उत्साहात जास्त हवा भरली, तर मागचा भाग वर येतो, दांडे ढिले पडतात आणि पुढची चाके पुन्हा हलकी होतात. उंचीच्या हव्यासापोटी मी एकदा हे करून पाहिले आहे.

आणखी एक अपेक्षा सोडून द्यावी. फुगी ही स्प्रिंग आहे. तिला शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम येत नाही. मॅकिनॉ पुलावर, जिथे पाच मैल दोन्ही बाजूंनी सरोवराचा वारा लागतो, ट्रकचे डावी-उजवीकडे कलणे फुग्यांमुळे कमी झाले हे खरे, पण ट्रेलरचे मागून डोलणे त्यांनी थांबवले नाही. जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलल्यावर उंचवट्यांवरची खालीवर हेलकावण्याची सवय गेली, तीही फुग्यांमुळे नव्हे.

मिशिगनच्या थंडीत दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. 20 अंश सेल्सियसला भरलेली 40 पीएसआय हवा उणे 15 अंशांना गळती नसतानाही 33-34 वर येते, तेव्हा जानेवारीत लगेच पाना घेऊन ट्रकखाली शिरू नये. दुसरी बाब रस्त्यावरच्या मिठाची. ते फुग्यांच्या ब्रॅकेटांवर आणि बोल्टांवर साचते, म्हणून मार्चमध्ये ट्रक खालून धुताना मी फुगीच्या घड्यांतली रेतीही पाण्याने काढतो आणि वॉल्व्हची टोपणे तपासतो. टायर बदलताना चेसिसखाली जॅक लावला तर एक्सल लोंबकळून फुगी ताणली जाते, म्हणून मी जॅक एक्सललाच लावतो.

हौद्यात अधूनमधून जड सामान नेणाऱ्या आणि उरलेले दिवस रिकामा ट्रक चालवणाऱ्या माणसाला हा संच मी निःसंकोच घ्यायला सांगेन. केवळ ट्रेलर ओढणाऱ्याने आधी चांगल्या हिचवर पैसे घालावेत, एकदा काट्यावर जाऊन यावे, आणि तरीही मागचा भाग इंचभर खाली राहत असेल तरच फुग्यांचा विचार करावा. आणि ज्याचा मागचा एक्सल आधीच दारावरच्या आकड्याला टेकला आहे, त्याला या साडेचारशे डॉलरांचा उपयोग नाही. त्याने सामान कमी करावे किंवा जास्त भार पेलणारा एफ-250 पाहावा.