लाइफ जॅकेट, कूलिंग जॅकेट आणि जेलची गादी: कुत्र्यासोबत कोकणातला उन्हाळा काढल्यावर

आमचा खंड्या लॅब्रेडॉर, ३२ किलोचा. पाणी दिसलं की तो कुणाचाच राहत नाही. आम्ही राहतो दापोली तालुक्यात, कर्द्याच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिमग्याच्या तोंडावर त्याच्यासाठी तीन वस्तू ऑनलाइन मागवल्या होत्या: पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट, भिजवून घालायचं कूलिंग जॅकेट आणि जेल भरलेली गादी. आता मृग लागला, तिन्ही पुरत्या वापरून झाल्या. लाइफ जॅकेट डोळे मिटून घ्या. कूलिंग जॅकेट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी घेऊ नये. गादी ठीकठाक.

आधी कूलिंग जॅकेटबद्दल, कारण त्याची जाहिरात सगळ्यात जोरात असते. शिवण चांगली, कापड चांगलं, दोष मालाचा नाही. ते गार राहतं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं म्हणून. नागपूरच्या कोरड्या उन्हात छान चालत असेल. आमच्याकडे मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमट असतो, तिथे हे काय वाळणार! तासाभराने आत हात घातला तर कोमट, चिकट, आणि खंड्याची धाप होती तशीच. ओली गोधडी पांघरून बसवल्यासारखं झालं बिचाऱ्याचं. काढून टाकलं.

खरं तर कुत्र्याचीही हीच अडचण. त्याला घाम येतो तो पंजांतून, नावापुरता. बाकी सगळा भार धापेवर, आणि हवा दमट असली की धापेनेही अंग लवकर निवत नाही. म्हणून मोबाइलवर ३३ अंश दिसले की ‘आज काही फार ऊन नाही’ असं कोकणात म्हणू नये. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट आणि चाल अडखळती दिसली, तर विहिरीचं साधं पाणी पोटावर, जांघेत ओतायला लागा, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फ शोधत बसू नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर याहून लवकर बिघडतं.

लाइफ जॅकेटने मात्र पैसे वसूल केले. लॅब्रेडॉर पोहतोच, मग जॅकेट कशाला, असं शेजारच्या काकांनी दहादा विचारलं. पोहता येणं वेगळं आणि दमल्यावर परत येता येणं वेगळं. शिवाय भडक केशरी रंग लाटांत लांबून दिसतो. हँडलची परीक्षा आंजर्ल्याच्या खाडीत झाली. होडीतून उडी मारलेल्या ओल्याचिंब खंड्याला भावाने हँडल धरून वर ओढला. पोटाखालचा पट्टा ताणला गेला, पण एक टाका उसवला नाही.

तक्रारी आहेत. वेल्क्रोत वाळू बसली की पकड जाते, जुन्या टूथब्रशने साफ करावं लागतं. खारं पाणी वाळलं की काखेत घासून कातडी लाल होते, म्हणून बाहेर आल्या आल्या जॅकेट काढायचं, दोघांनाही गोड्या पाण्याने धुवायचं आणि लॅबचे लोंबते कान कोरडे करायचे. दोरी अडकवायची कडी दोनच महिन्यांत गंजली. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. शेवटी गावातल्या चांभाराकडून स्टीलची घालून घेतली.

समुद्रावर कधी न्यायचं ते आम्ही तिथीवरून ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाला ओहोटी आणि पळायला रुंद, घट्ट, ओली वाळू. पण ते उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ असते, तेव्हा फक्त पळणं. पोहणं अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, जॅकेट घालून आणि लांब दोरी बांधून. वाळूवर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. कर्द्याला आणखी एक ताप म्हणजे वाळूवर सुसाट गाड्या पळवणारे पर्यटक. त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागेल.

पाण्यात चेंडू फेकू नका. प्रत्येक झेपेला तोंडात खारं पाणी जातं आणि रात्री उलट्या-जुलाब. आम्ही जाडसर, तरंगणारा दोर फेकतो आणि अधूनमधून गोडं पाणी पाजतो. नारळाचं सोडण छान तरंगतं, पण काथ्या पोटात गेला तर पंचाईत. जाळ्यातून वाळूवर टाकलेला केंड मासा तर हुंगूही देऊ नये, जबर विषारी असतो.

मार्च-एप्रिलमध्ये आंजर्ले, वेळास या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. कुत्री घरटी उकरतात, म्हणून तिकडे दोरी अजिबात सोडायची नाही. आपला कुत्रा गरीब असतो, नाक गरीब नसतं.

गादीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुपारी अर्धा तास गार लागते, मग अंगाच्या उबेने कोमट होते. खंड्या तिच्यावरून उठून मोरीजवळच्या लादीवर जाऊन झोपतो, आणि लादी फुकट आहे. चावऱ्या कुत्र्यांच्या घरात तर नकोच, जेल बाहेर येतं. दुपारच्या खेळासाठी आम्ही बिनमिठाची पेज वाटीत गोठवतो आणि खळ्यात आंब्याच्या सावलीत ठेवतो, तो चाटत बसतो. हापूसची फोड थोडी चालते, कोय मात्र उचलून ठेवा. गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनवर जातं.

लाइफ जॅकेट घेणार असाल तर माप वजनावरून घेऊ नका. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजा, दोन मापांच्या मध्ये आलात तर घट्ट करता येणारं मोठं घ्या, आणि घालून आधी घरातच दोन-तीन दिवस फिरवा. खंड्या पहिल्या दिवशी पुतळा होऊन उभा राहिला होता, सुकटीचा तुकडा दाखवल्यावर चालला.