कॉलेजची मान्यता तपासली, पण मान्यता देणारा कोण हे तपासलंच नाही

आधीच सांगते, हे लांबलंय, पण ज्यांची पदवी अर्धवट राहिलीय आणि जे नोकरी सांभाळून ऑनलाइन डिग्री शोधतायत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. माझं बॅचलर्स राहून गेलं होतं, कामात मी कुठे कमी पडत नव्हते पण प्रमोशनची वेळ आली की दरवेळी गाडी डिग्रीवर येऊन अडायची. म्हणून अमेरिकन युनिव्हर्सिटीची ऑनलाइन डिग्री करायची ठरवलं, परवडणारी आणि ॲक्रेडिटेड, म्हणजे मान्यताप्राप्त. हेच दोन शब्द सर्चमध्ये टाकले आणि तिथेच जाळ्यात सापडले, कारण आपण नेमकं काय टाइप करणार हे फसवणाऱ्यांना आपल्याआधी माहीत असतं.

मी डोळे मिटून पैसे भरले नव्हते हो. कॉलेजच्या साइटवर खाली ॲक्रेडिटेशनचा गोल शिक्का होता, त्यावर क्लिक केलं तर त्या एजन्सीची वेगळी साइट उघडली, त्यात मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी, यादीत आमच्या कॉलेजचं नाव. तरी खात्री म्हणून मी त्या एजन्सीला मेल टाकला आणि तासाभरात उत्तर आलं की हो, पूर्ण मान्यता आहे. अजून काय तपासायचं माणसाने, असं मला वाटलं.

तर हे तपासायचं असतं. अमेरिकेत कॉलेजला ॲक्रेडिटेशन सरकार स्वतः देत नाही, ते खाजगी एजन्सी देतात, आणि त्यातल्या कुठल्या एजन्सी विश्वासार्ह आहेत हे तिथलं शिक्षण खातं, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन, ठरवतं. चिया (CHEA) नावाची एक बिगरसरकारी संस्थाही एजन्सींना अशी मान्यता देते. आता एजन्सी म्हणून नुसती वेबसाइट काढायला कोणाला कोण अडवतंय? माझ्या बाबतीत कॉलेजही त्यांचंच आणि मान्यता देणारी एजन्सीपण त्यांचीच होती. मी चोराला विचारत होते की तू चोर आहेस का, आणि तो तासाभरात नाही म्हणाला.

ॲडमिशनचा माणूस फार गोड बोलायचा. मॅडम, तुमच्या अनुभवाला आमच्याकडे किंमत आहे, तुम्ही फक्त रेझ्युमे पाठवा. दोन दिवसांत निकाल आला, बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, लागतात त्यातले ८४ म्हणे माझ्या कामाच्या अनुभवावरच मिळाले. मला रडूच आलं, इतक्या वर्षांच्या कामाची कोणीतरी दखल घेतली म्हणून. त्यांनी धरलं ते हेच दुखणं, आणि त्याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. खरी कॉलेजंही आधीच्या शिक्षणाचं, अनुभवाचं क्रेडिट देतात, नाही असं नाही, पण त्यासाठी पोर्टफोलिओ द्यावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, कोणीतरी बसून ते तपासतं आणि त्याला मर्यादा असते. नुसत्या रेझ्युमेवर दोन दिवसांत डिग्रीचा मोठा हिस्सा कुठलंही खरं कॉलेज देत नाही.

मग स्कॉलरशिप आली, ती त्या रात्री बारापर्यंतच. आणि फी क्रेडिटप्रमाणे किंवा टर्मप्रमाणे नाही तर अख्ख्या डिग्रीची एकच ठोक रक्कम, तीन हप्त्यांत. हेही मला सोयीचंच वाटलं! दीड वर्षाची बचत गेली त्यात. पहिले दोन हप्ते बँकेतून थेट ट्रान्सफर केले, कारण कार्डाला म्हणे जास्त चार्ज पडतो. तिसरा कार्डावर केला तो केवळ त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते म्हणून.

अभ्यास म्हणजे काही पीडीएफ आणि क्विझ, नापास होता येतच नव्हतं, परत परत सोडवा. एका विषयात मला खरंच शंका होती, मी प्रोफेसरना लिहिलं, तीन आठवडे उत्तर नाही. मी स्वतःची समजूत घातली की ऑनलाइन असंच असेल.

आठ महिन्यांत कुरिअर आलं. जाड कागद, सोनेरी उठावदार शिक्का, बोट फिरवलं की लागायचा. बरोबर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणपत्रक. ते वाचताना पहिल्यांदा पोटात गोळा आला, कारण त्यात स्टॅटिस्टिक्समध्ये बी प्लस होता आणि स्टॅटिस्टिक्सचं मी एक पान उघडलेलं नव्हतं. सेमिस्टर, तारखा, सगळं भरलेलं, चार वर्षांचं. मी त्यांना फोन केला तर म्हणे मॅडम ते अनुभवाचे क्रेडिट विषयांमध्ये बसवलेत, सगळीकडे असंच करतात. तरी ते मी रेझ्युमेवर टाकलं, आणि हे लिहायला मला लाज वाटते.

उलगडा झाला तो मास्टर्सला अर्ज केल्यावर. दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसने दोन ओळींचा सभ्य मेल पाठवला की तुमच्या कॉलेजची ॲक्रेडिटिंग एजन्सी मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे ही पदवी धरता येणार नाही. मी रात्रभर दोन्ही साइट उघडून बसले होते, लहान भाऊ शेजारी येऊन बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, ताई, हे बघ, दोन्हीकडे कमिटमेंटच्या स्पेलिंगमध्ये एक टी जास्त आहे. कॉलेजच्या पानावर आणि एजन्सीच्या पानावर, तेच वाक्य, तीच चूक. एवढ्या महिन्यांत मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल.

पैसे परत मागितल्यावर गोड आवाज बंद झाला. चार दिवसांनी लीगल डिपार्टमेंटमधून म्हणून एकाचा फोन, तुमच्या डिग्रीची चौकशी सुरू आहे, परराष्ट्र खात्याचं सर्टिफिकेट आणि अपोस्टील करून घ्या नाहीतर तुम्हीच अडचणीत याल, त्याची फी वेगळी. मी भरणारच होते, इतकी घाबरले होते. भावाने फोन हातातून घेतला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही ठरलेली पद्धत आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं होतं, निदान ३७० वेबसाइट, त्यात खोट्या युनिव्हर्सिटी आणि खोट्या ॲक्रेडिटेशन संस्थाही, आणि गिऱ्हाइकांना अमेरिकन अधिकारी असल्याचं भासवून अजून पैसे उकळायचे. आणि अपोस्टील म्हणजे फक्त कागदावरची सही आणि शिक्का ज्याचा म्हणतायत त्याचाच आहे एवढंच, आतली डिग्री खरी आहे असं ते अजिबात सांगत नाही. यावर भरपूर लोक फसतात.

आता तुम्ही शोधत असाल तर एवढं करा. कॉलेजच्या साइटवरच्या लिंकवरून कुठेच जाऊ नका, स्वतः डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशनची डॅपिप (DAPIP) ही मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी उघडा, फुकट आहे, त्यात कॉलेजचं नाव आणि एजन्सीचं नाव दोन्ही शोधा, चियाच्या यादीतही बघा. स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवा कारण प्रसिद्ध युनिव्हर्सिटीशी मिळतीजुळती नावं मुद्दाम घेतात. राज्याचं लायसन्स आहे किंवा कंपनी रजिस्टर्ड आहे म्हणजे ॲक्रेडिटेशन नव्हे. साइटच्या पत्त्यात डॉट ईडीयू बघूनही निर्धास्त होऊ नका, ऑक्टोबर २००१ पासून ते मान्यताप्राप्त एजन्सीच्या कॉलेजांनाच मिळतं पण त्याआधी ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे ते राहिलंय. नर्सिंग, इंजिनिअरिंग असेल तर त्या कोर्सची वेगळी मान्यता लागते, ती पण बघा. आणि माझ्यासारखी खोटी डिग्री हातात आली असेल तर आज रेझ्युमेवरून काढा, टेक्सस, न्यू जर्सीसारख्या राज्यांत अशी पदवी वापरण्याविरुद्ध कायदे आहेत.

परवडणारं खरं शिक्षण मिळतं, मला ते आता कळतंय. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी सहा महिन्यांच्या टर्मची ठरलेली फी असते, त्यात झेपतील तेवढे विषय करा. कम्युनिटी कॉलेजात बेसिक विषय करून क्रेडिट पुढे नेता येतात, क्लेप (CLEP) नावाची परीक्षा देऊन वर्गात न बसताही काही क्रेडिट मिळवता येतात, फक्त पुढचं कॉलेज ते घेणार का हे आधी रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

पैशांपैकी फक्त कार्डावरचा तिसरा हप्ता डिस्प्यूट टाकून परत आला, ट्रान्सफरचे गेले ते गेले. तक्रार एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेकडे, केलीय, बँकेतही दिलीय.

मी पहिल्यापासून सुरुवात केलीय, यावेळी यादीत बघून. मागच्या आठवड्यात माझी पहिली असाइनमेंट परत आली, मार्क बरे नव्हते, पण समासात सात ठिकाणी शेरे होते आणि एका परिच्छेदाखाली लिहिलं होतं की हा मुद्दा तुमच्या स्वतःच्या कामातल्या उदाहरणाने परत मांडा. मी ते भावाला दाखवलं. कोणीतरी वाचलंय, म्हणाला.